कमी पाण्याची पिवळी पलटण

मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की अंगणातली बाग आणि घरातला माठ यांच्यात पाण्यावरून भांडण सुरू होतं. २०१८च्या उन्हाळ्यात तर शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा धरणाने तळ गाठला आणि गल्लोगल्ली टँकरसमोर ड्रम, गुंड, बादल्या मांडल्या गेल्या. अशा वर्षी गुलाबाला बादलीभर पाणी कोणत्या तोंडाने घालणार?

पण म्हणून अंगण भकास ठेवायचं कारण नाही. सूर्यफूल, करडई, कारळे, झेंडू, गॅलार्डिया, झिनिया, कॅलेंडुला ही सगळी मंडळी एकाच कुळातली. सूर्यफुलाचं हे कुळ जगात तीस हजारांहून जास्त प्रजातींचं, आणि त्यातल्या अनेकांचा आवडता रंग पिवळा. यातली निम्मी झाडं चिमूटभर बियांवर येतात, कडक उन्हात फुलतात आणि पाणी जास्त झालं तर उलट रुसतात. त्यांच्या काही गमती आणि थोडी कामाची माहिती.

एक फूल तोडलंत? छे, शेकडो तोडलीत!

झेंडूचं फूल हातात घ्या आणि एक पाकळी अलगद उपटा. पाकळीच्या बुडाशी काडीसारखं काहीतरी चिकटून येईल. ते त्या पाकळीचं स्वतःचं बीजकोष. म्हणजे पाकळी समजून उपटलं ते अख्खं फूल होतं! या कुळात ज्याला आपण एक फूल म्हणतो ती लहान-लहान फुलांची वसाहत असते. सूर्यफुलाच्या मोठ्या चकतीत अशी हजार-दोन हजार फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. कडेची पिवळी मंडळी जाहिरातीचं काम करतात, बी धरायचं काम मधल्या चकतीतली करतात.

चकतीतल्या ओळी मोजून पाहा. एका दिशेने वळणाऱ्या ३४ निघाल्या तर उलट दिशेने बहुधा ५५ निघतील. फूल मोठं असेल तर ५५ आणि ८९. गणितातली फिबोनाची मालिका ती हीच. आणखी एक गंमत म्हणजे, सूर्यफुलाचं ‘बी’ शास्त्राच्या हिशेबाने फळ आहे. खरं बी टरफलाच्या आत असतं.

करडई आधी तळघर बांधते, मग माडी

ऑक्टोबरात पेरलेली करडई पहिला महिनाभर जमिनीला चिकटून बसते. पानांचा एक गोल झुबका, बस्स. नवखा माणूस म्हणतो, वाढतच नाही! पण खरी धावपळ खाली चालू असते. सोटमूळ सरळ खोल जातं. जमीन मोकळी मिळाली तर दीड-दोन मीटर, कधी त्याहूनही खोल. मुळाची सोय लागली की मगच खोड वर सरकतं.

आपल्या काळ्या कसदार जमिनीचा गुण तिला नेमका मानवतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. काळी माती त्यातलं पाणी पोटात धरून ठेवते. वरची माती सुकून भेगाळली तरी खाली ओल असते आणि करडई त्याच ओलीवर डिसेंबर-जानेवारी काढते. तुमचा नळ तिला ठाऊकही नसतो.

काट्यांचं कुंपण, पानांची भाजी

गहू, हरभऱ्याच्या वावराभोवती करडईचे दोन-चार तास पेरायचे, ही जुनी युक्ती. फुलावर आली की पानांच्या टोकांना आणि बोंडांना असे काटे येतात की ढोरं धुऱ्यावरूनच माघारी फिरतात. बंगल्याच्या गेटजवळ मोकाट गाई येत असतील तर हीच युक्ती अंगणातही चालते. काटे यायच्या आधीची कोवळी पानं मात्र खुशाल खुडा. करडईची भाजी आणि ज्वारीची भाकर हा थंडीतला बेत कोणाला सांगायला नको.

हाताला काटे टोचतात म्हणून करडई नको, ही तक्रार शास्त्रज्ञांनीही ऐकली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, बिनकाट्यांचे वाण काढले. त्यांच्या पाकळ्या वेचणं सोपं जातं. आपल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही ‘पीकेव्ही पिंक’ नावाचा करडईचा वाण दिला आहे.

ममीची माळ, जपानी लाली आणि केशराचा तोतया

करडईचा इतिहास तिच्या काट्यांपेक्षा टोकदार. प्राचीन इजिप्तमध्ये ममींसोबत ज्या फुलमाळा ठेवत, त्यांत करडईची फुलं सापडली आहेत. तिच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा रंग साध्या पाण्यात धुऊन निघतो. तांबडा पाण्याला दाद देत नाही, त्याला खारवणी लागते. जपानात याच तांबड्या रंगापासून ‘बेनी’ नावाची ओठांची लाली बनवतात. उत्तम बेनी वाळली की चक्क हिरवट चमकते आणि ओल्या कुंचल्याचा स्पर्श झाला की लाल होते. जपानच्या यामागाता प्रांताने तर करडईलाच आपलं मानाचं फूल ठरवलं आहे.

बाजारात मात्र हीच पाकळी केशर बनूनही फिरते. पकडायची कशी? एक काडी कोमट पाण्यात टाका आणि भिंग घेऊन बसा. केशराची काडी टोकाला पिपाणीसारखी रुंद होत जाते. करडईची उलगडली की बारीक नळी दिसते आणि तिच्या टोकाला पाच छोटे फाटे. एकदा पाहिलं की पुन्हा फसायचं काम नाही.

बियाण्याचं दुकान? किराणा पुरे!

चटणीसाठी आणलेले कारळे भाजण्याआधी चिमूटभर बाजूला काढा. जुने नसतील तर ते उगवतील आणि पावसाळा सरता-सरता डेझीसारखी पिवळीधमक फुलं येतील. पोपटाच्या खाद्याच्या पुडीतही खजिना असतो. पांढऱ्या चकचकीत बिया करडईच्या, काळ्या पट्ट्यांच्या सूर्यफुलाच्या.

कारळे मूळचे इथिओपियाचे. हलकी, उताराची, दुसरं काही न येणारी जमीनही त्यांना चालते. अमेरिकेत त्यांचं तेल किंवा चटणी करत नाहीत, तर अंगणात येणाऱ्या फिंच पक्ष्यांना खाऊ घालतात. पण तिकडे हे बी आयात करताना आधी तापवावं लागतं, कारण त्यासोबत अमरवेलीसारख्या तणाचं बी देशात घुसू नये, अशी सरकारची अट आहे. म्हणून तिथे पक्ष्यांच्या ताटातून सांडलेले कारळे सहसा उगवत नाहीत.

अंतराळातही पाणीच नडलं

२०१५च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनियाची रोपं वाढत होती. झिनियाही याच कुळातली. दमटपणा वाढला, पानांवर पाण्याचे थेंब जमले आणि बुरशी धरली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी पृथ्वीवरच्या मंडळींना सुनावलं, की वेळापत्रक बघून पाणी देणं पुरे, झाडाकडे बघून देऊ द्या. त्यांच्या हाती कारभार आला आणि जानेवारी २०१६मध्ये नारिंगी झिनिया फुलला. त्याचा फोटो जगभर गाजला.

या कुळाचं सगळं शास्त्र या गोष्टीत आलं. ही झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त लाडाने मरतात. करडईच्या बुडाशी पाणी साचलं की मूळकूज ठरलेली. म्हणून काळ्या मातीत लावायचं असेल तर वाफा वीतभर उंच करा, आणि कुंडीत लावत असाल तर मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. नाहीतर चिकण काळी माती कुंडीत पाणी धरून बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

मधमाशीचा छुपा नकाशा

आपल्याला सूर्यफुलाची पाकळी टोकापासून बुडापर्यंत एकसारखी पिवळी दिसते. मधमाशीला अतिनील किरणं दिसतात, त्यामुळे तिला त्याच फुलात मधोमध गडद वर्तुळ दिसतं. जणू ‘इथे उतरा’ अशी खूण. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कोरड्या प्रदेशातल्या रानसूर्यफुलांत हे वर्तुळ मोठं असतं आणि मोठ्या वर्तुळाच्या पाकळ्यांतून पाणी हळू उडतं. ज्या रंगद्रव्याने पाहुण्यांना वाट दाखवली, त्यानेच पाण्याचीही राखण केली!

तोंड पूर्वेला का?

कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे मान वळवतं आणि रात्रीतून पुन्हा पूर्वेला येतं. वय झालं, फूल पूर्ण उमललं, की हा उद्योग बंद आणि तोंड कायमचं पूर्वेकडे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे फिरवून ठेवल्या. २०१६मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात सकाळच्या वेळी पूर्वेकडच्या फुलांवर पाचपटीपर्यंत जास्त परागवाहक कीटक आले. कारण साधं आहे. सकाळचं ऊन थेट मिळतं, फूल लवकर गरम होतं आणि कीटकांना उबदार फूल आवडतं. तेव्हा अंगणाच्या पश्चिम कडेला लावलंत तर फुलं घराकडे बघतील. पूर्वेच्या कंपाउंडला लावलंत तर ती शेजाऱ्यांना दर्शन देतील.

एकाच फुलात तीन तऱ्हेचं बी

कॅलेंडुलाचं वाळलेलं फूल तळहातावर चोळा. काही बिया बाकदार आणि काटेरी, काही होडीसारख्या रुंद, काही आतल्या बाजूच्या अळीसारख्या वेटोळ्या. सगळ्या एकाच आईच्या! रूप वेगळं तसा स्वभावही वेगळा. कोणी वाऱ्याने दूर जातात, कोणी बुडाशीच पडतात, आणि उगवण्याची घाईही सगळ्यांना सारखी नसते. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या पिवळ्या-नारिंगी डायमॉर्फोथिकाचीही हीच रीत. एका फुलात दोन तऱ्हेच्या बिया. पहिल्या पावसाने दगा दिला तर सगळी पिढी एकदम करपू नये, याची ही तजवीज. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून सगळं बियाणं टाकून बसलेल्या आणि मग दुबार पेरणी करणाऱ्या कास्तकाराला यातलं शहाणपण लगेच कळेल.

दसऱ्याचा मानकरी मेक्सिकोचा

झेंडूशिवाय दसरा होत नाही, पण तो मूळचा मेक्सिकोचा. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचा सण असतो, तेव्हा समाध्या आणि घरं याच झेंडूने सजतात. म्हणजे आपली दसरा-दिवाळी आणि त्यांचा सण, दोन्ही एकाच फुलाने आसपासच्या दिवसांत सजतात.

झेंडू नुसता शोभेचा नाही. त्याच्या मुळांतून जमिनीतल्या सूत्रकृमींना घातक असं द्रव्य निघतं. म्हणून टोमॅटो-वांग्याच्या जागेत आलटून-पालटून झेंडू घेतात. बोंडअळीचे पतंग त्याच्या फुलांकडे ओढले जातात, म्हणून पऱ्हाटीच्या कडेने त्याची सापळा पीक म्हणून लागवड होते. कोंबड्यांच्या खाद्यातही झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात, म्हणजे अंड्याचा बलक छान केशरी दिसतो.

तोरणातलं पूर्ण उमललेलं फूल वाळल्यावर फेकू नका. त्यातल्या काळ्या, बारीक, टोकाला पांढुरका झुबका असलेल्या काड्या म्हणजेच बी. पूसा नारंगी किंवा पूसा बसंती हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे जुने वाण लावले तर बी धरून ठेवता येतं. संकरित झेंडूच्या बियांवर मात्र विसंबू नका. लेकरं आईसारखी निघतीलच असं नाही.

कुळातला गुंड आणि त्याचा गुणी भाऊ

कुळ म्हटलं की एखादा वाया गेलेला असतोच. इथला तो गाजरगवत. १९५०च्या दशकात तो पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरला आणि मग रस्ते, पडीक जागा, धुरे सगळं व्यापून बसला. फूल पांढरं, पण घराणं हेच. एकेका झाडाला हजारोंनी बी, आणि अंगाला लागलं की खाज. त्याच्यावर तोडगा म्हणून १९८४ पासून मेक्सिकोहून आणलेला भुंगा सोडला जातो. तो मुख्यतः त्याचीच पानं खातो. अंगणात दिसला तर हातमोजे घालून, फूल यायच्या आधीच उपटा.

गंमत म्हणजे याचाच सख्खा भाऊ, मेक्सिकोच्या वाळवंटातलं ‘ग्वायूल’ नावाचं झुडूप, रबर देतं! दुसऱ्या महायुद्धात आशियातला रबर पुरवठा तुटला तेव्हा अमेरिकेने त्याची खास लागवड केली होती.

फुकटात मिळालेली बाग

तुमच्या अंगणात काही मंडळी न बोलावता आलेली असतात. त्यांना तण म्हणून खुरप्याखाली घ्यायच्या आधी ओळख करून घ्या.

कंबरमोडी, म्हणजेच एकदांडी. एका लांब दांडीवर एकच फूल, वर्षभर, अगदी फरशीच्या फटीतही. बी पांढऱ्या केसांच्या छत्रीने उडतं. खरचटलं की तिच्या पाल्याचा रस लावायची खेडोपाडी रीत आहे.

पाथरी. पिवळं फूल, जमिनीला धरून असलेली पानं आणि त्यांची भाजी. हिच्यात मधली चकती नाही. सगळीच फुलं पाकळीदार.

खडकशेपू. नाव सगळं सांगतं. कडक, मुरमाड, खडकाळ जागेत बोटभर उंचीचं शेपूसारख्या पानांचं झाड आणि त्यावर टिकलीएवढी पिवळी फुलं.

वाळवंटातली पांढरी पानं

झुडूपच हवं असेल तर दूरचा एक नमुना पाहा. अमेरिकेतल्या ॲरिझोनापासून मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटापर्यंत ‘एन्सेलिया’ नावाचं पिवळ्या डेझीचं झुडूप माळच्या माळ रंगवतं. त्याच्या पानांवर पांढरी लव असते. ऊन परत फेकायचं आणि पान थंड ठेवायचं, हे तिचं काम. कोरड जितकी जास्त तितकी लव दाट. फारच झालं तर पानं गाळून मोकळं. त्याचा डिंक जुन्या स्पॅनिश चर्चमध्ये धूप म्हणून जाळत.

आपल्याकडे लगेच वाढणारं, पुरुषभर उंच होणारं पिवळ्या फुलांचं झुडूप म्हणजे मेक्सिकन सूर्यफूल. केनियात त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून वावरात गाडतात. पण ते आणि पिवळा कॉसमॉस दोघेही हातपाय पसरण्यात पटाईत. पुण्याच्या टेकड्यांवर कॉसमॉसने काय धुडगूस घातला आहे ते तिथल्या निसर्गप्रेमींना विचारा. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तर त्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं. बागेपुरतं करडई-कारळ्यावर भागतं.

पेरायचं केव्हा?

मृग-आर्द्रा: झेंडू आणि झिनिया. १ जुलैला कृषिदिन असतो, पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांच्या जयंतीचा. त्या सुमारास झेंडूचं बी टाकलं तर दसऱ्याच्या तोरणाची सोय होऊ शकते.

जुलै-ऑगस्ट: कारळे. दिवस लहान होऊ लागले की त्यांना फूल येतं, म्हणून लवकर पेरून फार काही साधत नाही.

हस्त-चित्रा: करडई. जमिनीत ओल असतानाच टोबा. रोप उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. सोटमूळ मोडलं की तिचा रुबाब गेला.

ऑक्टोबर: कॅलेंडुला आणि डायमॉर्फोथिका, थंडीसाठी.

फेब्रुवारी: सूर्यफूल. खरं तर ते तिन्ही हंगामांत येतं. तेलाचं सूर्यफूल आपल्या देशात १९६९मध्ये रशियन वाणांपासून सुरू झालं. फूल भरलं की पोपटांच्या आधी जाळी तुमची हवी.

गॅलार्डिया: थंडी सरताना लावलेला उन्हाळाभर फुलत राहतो. बी नुसतं मातीवर भुरभुरा आणि दाबा. खोल पुरलं तर रुसतं. उलट सूर्यफूल-करडईचं बी बोटाच्या पेरभर खोल हवं.

आणि पाणी?

हरभरा किंवा सोयाबीनचं कुटार मिळालं तर वाफ्यावर चार बोटं पसरा. ओल उडत नाही, तण दबतं. जुना, पाझरणारा, बिनमुलाम्याचा माठ गळ्यापर्यंत पुरा आणि भरून झाकण ठेवा. माती लागेल तेवढंच पाणी ओढते. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही आहे. आरओ आणि कूलरचं उरलेलं पाणी जरा खारट असतं, पण करडई बऱ्यापैकी खार सोसते. अधूनमधून साधं पाणी दिलं की झालं. छतावरचं पावसाचं पाणी मात्र नालीत जाऊ देऊ नका. यवतमाळचे नैसर्गिक शेतीवाले सुभाष शर्मा यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. वावरातलं पाणी आणि माती वावरातच राहिली पाहिजे, हा त्यांच्या शेतीचा पाया. अंगणालाही तोच नियम लागू.

बी वाटा, पण परोपकार म्हणून नको

शेवटची गंमत कारळ्याची. त्याचं फूल स्वतःच्या परागाला जुमानत नाही; शेजारच्या झाडाचा पराग मधमाशीने आणला तरच दाणा भरतो. एकटं झाड फुलेल खूप, पण बी जवळजवळ नाहीच. मधमाशीला तर कंपाउंड वॉल कळत नाही. म्हणून मूठभर कारळे शेजारच्या काकूंनाही द्या. त्यांची फुलं त्यांना, चटणीचे दाणे तुम्हाला!